डाव्या हाताची लहर

११ डिसेंबर
उद्या एकटीची पहिली केस. मला शिकवणारे सर नागपूरला दुसऱ्या ऑपरेशनवर. ऑपरेशनमध्ये नसांवर लक्ष ठेवायचं मशीन भंडाऱ्याजवळच्या शहापूरला घरी आणलंय. आईनं हळदकुंकू लावायला हात पुढे केला. अडवलं, मग स्क्रीनच्या मागे लावू दिलं.

संध्याकाळी भंडाऱ्याच्या हॉस्पिटलात पेशंटला भेटून आले. पवनीच्या यमुनाकाकू. बाजारात मासे कापून विकतात, नवरा नदीत जाळं टाकतो. मानेत मज्जारज्जू दबलाय. पावशीवर, म्हणजे विळीवर, धरलेला मासा हातातून सुटतो म्हणे.

समजावलं, तुम्ही झोपेत असाल, मी डोक्यावरून बारीक करंट देईन, हातपाय उत्तर देतील, स्क्रीनवर लहर उठेल. लहर पडली तर डॉक्टर तिथंच थांबतील.
काकू : "म्हंजे मी झोपून राहीन अन् तू माह्या हाताशी बोलशीन?"
"हो."
"बोल मंग. माह्यं त तो आयकतच नाही."
अख्खा वॉर्ड हसला.

१२ डिसेंबर
घरी आल्या आल्या लिहायला बसले. आनंदानं.

काकूंना पालथं झोपवलं, खांदे पट्टीनं खाली ओढून चिकटवले. सुरुवातीला चारही लहरी छान. अर्ध्यात डाव्या हाताची लहर पडली. उजवा ठीक, पाय ठीक. हातातली लहर टिपणारी सुई तपासली, पुन्हा करंट दिला. जवळजवळ सपाट. वाटलं, माझंच काही चुकत असेल तर? सगळं थांबवायचं अन् निघायचं काहीच नाही...

तरी बोलले. चिरकाच निघाला आवाज. "मॅडम, डावा हात गेला."

सर्जन मॅडमनी लगेच हात वर घेतले. भूलवाल्या डॉक्टरांनी बीपी वाढवलं, सिस्टरनं खांद्याची पट्टी सैल केली. मग सगळे माझ्याकडे बघत उभे.
करंट. काही नाही.
पुन्हा. काही नाही.
पुन्हा. एवढीशी उठली. पुढच्या वेळी चांगली ठसठशीत!
"आली मॅडम!" ओरडलेच.
"हळू गं, पेशंट उठेल," मॅडम म्हणाल्या. मास्कमधून हसत होत्या.

पट्टीच्या ताणामुळे पडली की कमी बीपीमुळे, नक्की कुणालाच सांगता येईना. शेवटपर्यंत टिकली मात्र.

शुद्धीवर आल्यावर काकूंनी डावी मूठ वळली. हळू, पण पुरती. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मग दोन प्लेट तर्रीपोहे.

१३ डिसेंबर
सरांचा फोन. सगळं ऐकून घेतलं. "चांगलं केलंस." बास, एवढंच. दिवसभर पुरलं.

२० जानेवारी
भंडाऱ्यात केस होती. ओपीडीबाहेर काका-काकू! काका : "तूच का वो ते मशीनवाली पोरगी?" अन् माझ्या हातात पळसाच्या पानात बांधलेले झिंगे. नको म्हणायला तोंडच उघडू दिलं नाही.

काकू आता वेणी स्वतः घालतात. बारीक कामाला बोटं अजून अडखळतात. किती सुधारतील ते पुढच्या महिन्यांत कळेल, तोवर पावशी बंद, असं मॅडमनी बाहेर येऊन बजावलं.

मॅडम आत गेल्यावर काकू माझ्या कानाशी आल्या.
"काल एक लहान मासा कापला मी. वाकडाच कापला. पण मीनंच कापला. मॅडमले सांगू नोको."

सांगायला हवं. हवंच. उद्या पुन्हा तिथंच ड्युटी आहे... बघू. आत्ता झिंगे शिजताहेत, आई तिसऱ्यांदा हाक मारतेय.