काडीची परीक्षा

८ जानेवारी १९७३, सोमवार

सुट्टी संपली की रुद्रप्पाचं नाटक सुरू! आजही कार्डिंग खात्यात, कापूस पिंजायच्या मशीनमागे, भिंतीला टेकून बसला. "दाजी, छाती आवळतीया. हितनं सुटलो तरच जगंन." नाचता येईना अंगण वाकडं! बायकोचा भाऊ म्हणून ऐकून घेतलं, एवढंच. बावीस वर्षं मी हीच कापसाची धूळ खातोय. खात्याचा मुकादम, जॉबर झालो तो काय भिंतीला टेकून? पहाटे मीही खोकतो. पाळी सुटली की गुळाचा खडा चघळायचा, धूळ खाली उतरते. त्याला दिला तर म्हणतो, "न्हाय उतरत." लाडोबा!

१० जानेवारी

मिलच्या नव्या डॉक्टरने रुद्रप्पाच्या खोकल्याला नाव ठेवलं – ब्रॉन्कायटिस! माझ्या खोकल्याला बावीस वर्षांत कुणी इंग्रजी नाव दिलं नाही. मला कागदावर उलटं झाड काढून दाखवलं. "या श्वासनळ्या. धुळीनं, विडीनं आतून सुजतात, कफ धरतात. वाट अरुंद झाली की हवा बाहेर टाकणंच जड जातं. आणि गूळ पोटात जातो जॉबर, फुप्फुसात नाही." एवढं शिकून हे सांगायला!

परीक्षा काय, तर आगपेटीची पेटती काडी वीतभर लांब धरायची आणि ओठांचा चंबू न करता, आ वासून फुंकायची. रुद्रप्पाला विझेना. झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण उठवणार! डॉक्टरने लिहून दिलं – घडी खात्यात बदली करा. तिथे धूळ नाही, नुसत्या कापडाच्या घड्या घालायच्या. मॅनेजर म्हणाले, जॉबरचं मत घेऊ.

११ जानेवारी

गुरम्मा म्हणते, भावासाठी शब्द टाका. टाकतो की!

१४ जानेवारी, रविवार

गड्ड्याच्या जत्रेत रुद्रप्पा दिसला. दोन दिवस रजेवर – आणि तोंडावर काय तजेला! लेकीला कडेवर घेऊन पाळण्याच्या रांगेत उभा. "आज बरं वाटतंय की दाजी." वाटणारच! याची छाती मिलचा भोंगा ऐकूनच आवळते.

१५ जानेवारी

मॅनेजरना जत्रेतलं सांगितलं. सोंग आहे म्हणालो. बदली नामंजूर. रुद्रप्पा माझ्याकडे बघत राहिला, मग मशीनवर गेला. एवढा वेळ बघायला दम होता!

१७ जानेवारी

गुरम्मा बोलत नाही. भाकरी आपटते. आज एकच वाक्य – "त्याला काडी इझली न्हाय म्हंता, तुमी बघितली का कदी इझवून?"

उद्या दाखवतोच.

१८ जानेवारी

चहा झाल्यावर तिच्यासमोर काडी ओढली. वीतभर लांब. आ केला, फुंकली. विझली नाही. वाऱ्याने फुंकर वळली असेल म्हणून दार लावलं. दुसरी. तिसरीने बोट पोळलं.

गुरम्माने पेटी माझ्या हातातून घेतली. चौथी तिने ओढली, तेवढीच लांब धरली, आ करून हलकेच फुंकली.

विझली.