गरम इंजिनाची खूण

खातीपुरा, जयपूर. रविवार, संध्याकाळ.

चूक माझीच. लिहून टाकतो, म्हणजे विषय संपला.

फौजेत पंचवीस वर्षं गाड्या तपासल्या त्या पहाटे, इंजिन बंद ठेवून. आमच्या जुन्या मोटरहोमच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेलही तसंच बघत होतो. रोज पट्टीवरच्या खुणेच्या वर दिसायचं, म्हणून दोनदा काढून टाकलं. उद्या साताऱ्याला निघायचं, म्हणून आज गाडी चाचणीला चौमूंच्या रस्त्यावर नेली, तर पुलाच्या चढावर इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी हलेना. कशीबशी कडेला सपाट जागी आणली.

बायकोने चष्मा लावला, माझ्या हातातलं फडकं घेऊन तेलाची पट्टी पुसली. "अहो, यावर लिहिलंय, इंजिन चालू आणि गरम असताना बघा. हे कधी वाचलंत?"

पंचवीस वर्षांत पट्ट्या पुसल्या. वाचली एकही नाही.

इंजिन चालू ठेवून पाहिलं. तेल खुणेच्या दोन बोटं खाली! गाडीतल्या डब्यातलं नवं तेल भरलं आणि तोच चढ गाडी एका दमात चढली.

गाडी ठणठणीत आहे. उद्या निघालो की थेट साताऱ्यापर्यंत मला काळजी नाही.

फक्त ते फडकं आत्ता शोधलं. बायकोच्या पिशवीत निघालं, घडी घालून, चष्म्याच्या शेजारी. वाटेत पट्टी आता तीच बघणार, असं दिसतंय.