डाव्या हाताचा कोयता

माय, तुझा कोयता सकाळपासून साबणाच्या पाण्यात घालून ठेवला आहे. लोखंड पाण्यात ठेवायचं नसतं हे तूच शिकवलंस, पण मुठीच्या फटीत केकचं क्रीम गेलं आहे आणि ते सुईनंही निघेना. हाताला कालपासून वास येतो आहे, गोड, तुपकट, शिसारी आणणारा. क्रीम तिथं कसं गेलं ते सांगायचं आहे, पण आधीचं सांगितल्याशिवाय मला तिथवर येता येणार नाही.

तो कोयता तू कन्नडच्या बाजारात करून घेतलास तेव्हा मी बरोबर होतो. घिसाड्यानं जीपचा मोडका पाटा भट्टीत घातला, त्याची बायको घण मारत होती, आणि तो धार लावायला बसला तसं तू त्याला थांबवलंस. सगळ्यांच्या कोयत्याला धारेचा उतार उजव्या अंगानं असतो, तुला तो डाव्या अंगानं हवा होता. घिसाडी म्हणाला, असला उलटा कोयता उद्या कुणी विकत घेणार नाही. तू म्हणालीस, "विकाया नाय, तोडाया पायजे." घरात तुझा डावा हात कुणाला चालत नव्हता. हळदीकुंकू, वाढणं, देणं-घेणं, सगळीकडे तो पदराखाली. उसाचं बेणं, म्हणजे लावणीच्या कांड्या, तोडायच्या दिवसांत मात्र सगळ्या भावकीला तोच हात लागायचा. मी मोळीवर बसलो आहे, तू उजव्या हातानं ऊस पुढे सरकवते आहेस, डाव्यानं टक्, टक् तोडते आहेस, आणि नजर कोयत्यावर नसून माझ्या शाळेच्या पाटीवर आहे. तुझ्या कांडीचं टोक सपाट असायचं, जिथून कोंब फुटतो त्या डोळ्याला कधी धक्का नसायचा.

नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात मी तुझ्यासाठी शहरातून कारखान्यात बनलेला कोयता आणला. चकचकीत, लाल प्लास्टिकची मूठ, पात्यावर वाघाचा छाप. तू तीन कांड्या तोडल्यास आणि तिसरी माझ्या तोंडासमोर धरलीस. "बघ, पिचली. ही कुजती मातीत. ह्यो पत्रा हाय लेका, कोयता नाय." मला लई राग आला होता तेव्हा. एवढ्या हौसेनं आणलं त्याचं काहीच नाही. पुढे त्या कोयत्यानं तू गोठ्यातलं शेण खरवडायचीस आणि ते काम तो झकास करायचा. फेकून दिला नाहीस हेच खूप, असं आता वाटतं.

तू गेल्यावर तुझा कोयता मी शहरात आणला आणि मला जुने कोयते जमवायचा नाद लागला. वेरूळ असो की देवगाव, भंगाराचं दुकान दिसलं की गाडी थांबवायची. कालपर्यंत हॉलच्या भिंतीवर एकवीस जुने कोयते होते, मधोमध तुझा. अशा नादाची माणसं एकमेकांना सापडतातच. फोनवर आमचा गट आहे. ऊस ज्यांनी फक्त रसवंतीवर पाहिला ती माणसं तिथं पोलादावर बोलतात. कुणी पात्याला वार्निश फासतो, कुणी हातानं झिजलेली मूठ काढून शिसवाची बसवतो आणि त्याला जीर्णोद्धार म्हणतो. एकानं तर विचारलं, ह्यातल्या कशानं माणूस मारलेला आहे का, असेल तर तो मला हवा. किळस आली मला. नवे कोयते तर त्याहून घाणेरडे. काळे रंगवलेले, मुठीवर कवटी, पाठीला करवतीचे दाते. मी एक मागवून गच्चीवर उसावर मारून पाहिला, ऊस चेचला आणि मूठ हातात फिरली. ते तोडायला केलेलेच नाहीत. पोरं त्यानं वाढदिवसाचे केक कापतात, गाडीच्या बॉनेटवर पाच-पाच केक मांडून, आणि व्हिडिओ फिरवतात. मग पोलीस उचलून नेतात की त्याच पोरांचा हात जोडून माफी मागतानाचा व्हिडिओ येतो. ते पाहिलं की मी तुझ्या सुनेला म्हणायचो, ह्यांची लायकी काय, एक कांडी तरी तोडता येते का.

काल मला साठ वर्षं पूर्ण झाली. गटातले चौघे केक घेऊन आले. तुझ्या सुनेनं सुरी आणली. तेवढ्यात एकजण खुर्चीवर चढला आणि नेमका तुझाच कोयता काढून म्हणाला, "साहेब, चाकू शोभतो का तुम्हाला? एवढा माल टांगलाय भिंतीला." ती माझ्याकडे बघत होती. लग्नानंतरची दोन वर्षं तिनं तुझ्याशेजारी बसून कांड्या वेचल्या आहेत. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. मी हात पुढे केला, उजवा. केकला कुठल्या अंगाची धार आहे याचं काही पडलेलं नसतं. पातं मुठीपर्यंत बुडालं, टाळ्या झाल्या, एकानं व्हिडिओ घेतला आणि मलाही पाठवला. ती स्वयंपाकघरात गेली ती पाहुणे जाईपर्यंत बाहेर आली नाही. नंतर एवढंच म्हणाली, "तो आता तुम्हीच धुवा."

म्हणून धुतो आहे. हे लिहायला बसलो तेव्हा सगळं त्या चौघांच्या माथी मारायचं ठरवलं होतं. गटातून बाहेर पडलो, बाकीचे वीस कोयते उतरवून पोत्यात भरले, हेही अभिमानानं लिहिणार होतो. लिहून झालं की कागद तुझ्या फोटोमागे ठेवीन म्हटलं होतं, पण आता तो तिथं ठेवायला नको वाटतं. व्हिडिओत तुझा कोयता माझ्या हातात उलटा दिसतो, उतार आतल्या अंगाला. बेणं तोडलेल्या कुणाच्याही ते पटकन ध्यानात येईल. सकाळपासून मी तो व्हिडिओ सात वेळा पाहिला. आधी वाटलं, किळस येते म्हणून पाहतो आहे. तसं नाही. त्यात मी रुबाबदार दिसतो, माय. व्हिडिओ अजून पुसलेला नाही.