परकी मेंढी

प्रिय फोर्तुनाता,

लिमाहून तुला आम्हा दोघांचा नमस्कार. देवाच्या दयेने ठीक आहोत. खोकला मला आहे, विल्बेरला नाही, तेव्हा काळजी करू नकोस.

त्याची विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा रविवारी आहे. मागच्या आठवड्यात तो सराव परीक्षेत पुन्हा नापास झाला आणि त्याने पिशवी भरली. म्हणाला, "बाबा, समीकरणं माझ्या डोक्यात शिरत नाहीत. घरी जाऊन मेंढ्या राखीन." मी वाद घातला नाही. त्याला घेऊन शिकवणीच्या बाईंकडे गेलो.

बाईंनी पेपर पाहिला. "अरे डोंगरातल्या, वर्गमूळ घालवायला दोन्ही बाजूंचा वर्ग केलास. उत्तरं दोन आली, तू दोन्ही घरात घेतलीस. त्यातलं एक खोटं आहे. मूळ समीकरणात घालून पाहिलंस का?"

पोरगा पेपराकडे बघून हसला. "म्हणजे पाणवठ्यावर कळप मिसळले की परकी मेंढी आपल्यात येते, तसं. कानातली मालकाच्या खुणेची फीत बघायला हवी."

"मग बघ की," बाई म्हणाल्या.

आता तो प्रत्येक उत्तराचा कान बघतो. काल फलनांची अवघड गणितंही सुटली. सगळी नाही सुटली, पण प्रभूपुढे मेणबत्ती लावून आलोय.

तुझा गुडघा कसा आहे? साठवणीसाठी रात्रीच्या हिवात गोठवायला पसरलेले बटाटे वाळले का?

प्रवेश मिळाला की घरच्यांनी पोराचं डोकं भादरायचं, ही इथली रीत तुला माहीत आहेच. मी लिहितोय हे पाहून विल्बेर म्हणाला, "आईला सांगा, लोकर कातरायची कात्री पाठव. धार लावून."

तुझाच,
सातुर्निनो