मनीप्लांटला पाणी घालू नका

आत्याबाई,

पेपर द्यायला नांदेडला निघाले, परवा येते. तुमचा आत्ताच डोळा लागला होता, म्हणून उठवलं न्हाई.

माझ्या मनीप्लांटला पाणी घालू नका. पानं पिवळी पडायलीत म्हणून काल कुंडी उकरली, तर आत नुसता चिखल! लातुरात टँकर येतो आठव्या दिवशी, अन् आपल्या घरात झाड पाण्यानं सडायलंय. "ना फूल ना फळ, एक थेंब देणार न्हाई," म्हणून माझ्याशी कोण भांडलं होतं? मुतखड्यासाठी डॉक्टरनं प्यायला सांगितलेलं पाणी तुम्ही रोज त्याला ओतायलात, मामंजींनी सांगितलं मला.

शेंड्याला नवं पान आलंय, ते जगतंय आता. तुमचा तांब्या भरून उशाशी ठेवलाय.

आल्या आल्या कुंडीत बोट घालून बघणार हाय. माती कोरडी लागली पाहिजे.

महादेवी