रिपोर्ट चांगला आहे

६ फेब्रु.
सकाळी चहा पिताना ह्यांचा उजवा हात लुळा पडला. कप फरशीवर. बोलायला गेले तर नुसतं बा बा. दहा मिनिटांत सगळं जागेवर. मी मूर्खासारखी साखरपाणी देत बसले. लेक, पल्लवी, जेसल पार्कहून धावत आली, बापाला दटावून हॉस्पिटलात नेलं.

७ फेब्रु.
एमआरआय झाला. डॉ.नी मला नि पल्लवीला आत बोलावलं. हात सुधारला तरी मेंदूत दोन ताजे ठिपके आहेत. मोठा झटका येऊ शकतो, सुरुवातीचे दिवस जास्त धोक्याचे. रक्त पातळ करायच्या गोळ्या, एकही चुकवायची नाही.
बाहेर हे बाकावर. बौद्धाचार्य माणूस, पुढच्या रविवारी वरसाव्याला लग्न लावायचंय. चेहरा एवढासा झालेला. "काय म्हणाले?" तोंडातून निघून गेलं, "रिपोर्ट चांगला आहे." पल्लवी बघतच राहिली.

८ फेब्रु.
संध्याकाळची वंदना. हे पुढे म्हणतात, मी मागून. खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं नि माझी जीभच वळेना. ह्यांनी वळून पाहिलं. घसा बसलाय म्हटलं. म्हणजे अजून एक.

१० फेब्रु.
पल्लवी फोनवर, "आई, डोकं पप्पांचं आहे. सांग त्यांना." खरंय. पण ह्या माणसाला घाबरलेलं मला बघवणार नाही. उद्या सांगते.

१३ फेब्रु.
नाही सांगितलं. आज गोळ्यांची पाकिटं पाहिली. तीन दिवसांच्या तशाच.
"अगं, रिपोर्ट चांगलाय ना? पोटात जळजळतं त्यांनी. बंद केल्या."
डॉ.ना फोन केला, म्हणाले आत्ताच्या आत्ता सुरू करा. गोळी हातावर ठेवून सगळं सांगितलं. रडत रडत. हे रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, "ठिपके किती?"
दोन.
"दोनच ना? की तेही..."
गोळी गिळली, पाकिटं स्वतःकडे ओढून घेतली.

१५ फेब्रु.
लग्न दुसऱ्यांवर सोपवलं. गोळ्या वेळेवर घेतायत, स्वतः मोजून.
सकाळी आरशासमोर उभे. "तोंड वाकडं दिसतंय का गं?" मी जवळ जाऊन नीट पाहिलं. हसायला लावलं, हात वर करायला लावले. "सरळ आहे हो. अगदी सरळ." देवाशप्पथ म्हणायची सोय नाही आमच्यात, नाहीतर तेही म्हटलं असतं.
हे मान हलवून हॉलमध्ये गेले. पल्लवीला व्हिडिओ कॉल लावला. "बेटा, जरा बघ गं, माझं तोंड सरळ आहे का?"