आयेच्या मनगटाची खरी हकिकत

बाबा, परवा कुडाळला आयेच्या दुखऱ्या उजव्या मनगटाचा एक्सरे काढला. हाड फार वर्षांपूर्वी मोडून वाकडं जुळलंय, हे डॉक्टरांनी एका नजरेत ओळखलं आणि कसं मोडलं ते विचारलं. आये म्हणाली, "बावीर पाय सरकलो माझो." विहिरीवर पाय घसरला, हे तिचं चाळीस वर्षांचं उत्तर. मी शेजारी उभा होतो. होड्यांची इंजिनं मी कुणाच्या हाताखाली न राहता, उघडून उघडून शिकलो. बोल्ट अर्धा आटा सैल राहिलेला मला खपत नाही. पण तिथे मी तोंड उघडलं नाही. परतताना रिक्षात तिने तुमच्याविषयी पुन्हा विचारलं, "तेंका ता कोणी सांगल्यान रे? माका अजून कळाक नाय."

तुम्ही दशावतारात स्त्रीपार्ट करायचात, म्हणून मिशी ठेवता यायची नाही. जत्रांचे दिवस आले की आये स्वतःचं लुगडं तुम्हाला नेसवून बघायची. गुडघ्यावर बसून निऱ्या घालायची, काष्टा खेचायची, "हलू नका वो" म्हणून पोटरीवर चापट मारायची, आणि तुम्ही दोघं हसायचात. नाटकात तुम्ही रडलात की सगळी जत्रा रडायची. तीच माणसं दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर म्हणायची, "काय गो सुंदरी, खंय चल्लस?" तुम्ही हसून सोडून द्यायचात. मला सोडता येत नव्हतं. शाळेत माझ्या पाठीवर थाप मारून पोरं विचारायची, "तुझी एक आये घरात, दुसरी नाटकात. जेवक कोण घालता रे?"

त्या दिवशी मी शाळेतून येताना आये विहिरीवर बायकांत उभी होती. म्हणाली, "लुगडा माझ्यापेक्षा तेंकाच सोबता गे!" बायका हसल्या, तीही हसली. कौतुक होतं ते, अकरा वर्षांच्या मलाही कळलं. घरी तुम्ही पडवीत दाढी करत होतात. मी सांगितलं, "आये तुमका बायल म्हणता. सगळ्यो बायलो हसत होत्यो." तुमच्या गालावरचा साबण तसाच राहिला.

ती कळशी घेऊन आत आली, तेव्हा तुम्ही चुलीजवळचा झावळीचा सुका दांडा उचललात. "काय बोललंस तू बायकांत? माझ्या तोंडार बोल." तिला काही कळलंच नाही. पहिला फटका खांद्यावर. कळशी पडली, पाणी चुलीत गेलं, राखेचा फुफाटा उठला. दुसरा कानावर. तिसऱ्याला तिने डोकं वाचवायला हात वर केला आणि मनगट मोडलं. ओली फांदी मोडते तसा आवाज. "अवो, झिलासमोर नको," माझ्याकडे बघत एवढंच म्हणाली. दांडा तुटला, मग तुम्ही लाथा घातल्यात. किती, ते मी मोजलं होतं. सात. अर्धी दाढी केलेल्या तोंडाने तुम्ही ओरडत होतात, "मी कोण? सांग, मी कोण?"

दुसऱ्या दिवशी टपरीवर तुम्हाला न मागता चहा मिळाला. "आज खरो बापयो दिसलस रे!" कुणीतरी म्हणालं. सुंदरीचा पुरुष झाला होता. मी तुमच्या बाजूला उभा होतो. तुम्ही नाटक कंपनी सोडलीत, मिशी वाढवलीत, आणि तुमचा हात मरेपर्यंत थांबला नाही. तीन वर्षांमागे जेटीवर एक जण मला "पार्टीचो झिल", स्त्रीपार्टवाल्याचा पोर, म्हणाला. चोवीस नंबरचा पाना माझ्या हातात होता. त्याचे दोन दात पडले, आणि मलाही लोकांनी चहा पाजला.

सगळ्यांना मी सांगत आलो की बाप तापट होता. तुम्ही तापट नव्हतात, बाबा. तुम्ही वर्षानुवर्षं हसून घेत होतात, ते मला नको होतं. आये आत झोपली आहे, हाताला पट्टी आहे. तिने परत विचारलं तरी माझ्याने सांगवणार नाही, म्हणून तुम्हाला लिहितोय, जिथून काही परत येत नाही तिथे.

आणि एक राहिलं. पहिला फटका बसला, तेव्हा मी उठून पुढचं दार सताड उघडलं. आये आजही समजते की मी मदतीला कुणाला तरी बोलवायला धावलो. मी उंबऱ्यातच थांबलो होतो. शेजाऱ्यांना नीट ऐकू जावं, म्हणून.